जॉबवर्कचा हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर: उद्यमनगरातले दहा महिने

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशिन शॉप आहे. कॉम्प्युटरवर चालणारी दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी मशिनं, तीन जुनी लेथ, दोन ड्रिल आणि अकरा माणसं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्रींतून कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, येतात, आम्ही मशिनिंग करतो आणि माल परत जातो. माल त्यांचा, मजुरी आमची: यालाच जॉबवर्क म्हणतात. जानेवारी ते ऑक्टोबर २०२५ या काळात हा सगळा हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर आणला. असंच शॉप चालवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून काय केलं, कशाला किती वेळ आणि पैसे गेले, कुठे चुकलं, ते त्याच क्रमानं लिहितो आहे.

आधी एक गोष्ट. बाजारातली बहुतेक बिलिंग ॲप्स दुकानासाठी बनवलेली असतात: माल विकत घेतला, विकला, स्टॉक कमी झाला. जॉबवर्कमध्ये स्टॉक आपल्या मालकीचाच नसतो. आपल्याला सांभाळायची असते ती चलनाची (मालाबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या कागदाची) शिल्लक, म्हणजे अमुक चलनावर किती नग आले, किती परत गेले, किती अजून आपल्याकडे आहेत. हा आकडा रोज बरोबर निघत नसेल तर बिल कितीही देखणं छापलं तरी उपयोग नाही.

डिसेंबर २०२४ च्या शेवटी एका पार्टीचं, म्हणजे माल देणाऱ्या फाउंड्रीचं, स्टेटमेंट आलं. एका बेअरिंग कॅपचे २१४ नग आमच्याकडून येणं बाकी आहेत, असं त्यात होतं. आमच्या वहीत शिल्लक शून्य. दोन्हीकडची चलनं समोर ठेवून नऊ संध्याकाळी बसावं लागलं. १३० नग परत गेले होते, पण जावक चलनावर पार्टचं नाव वेगळं लिहिलं होतं. ५२ नग ब्लोहोलचे (ओतताना आत पोकळी राहिलेले) म्हणून साध्या चिठ्ठीवर परत गेले होते, त्यावर मूळ चलनाचा नंबरच नव्हता. १९ नग आमच्या मशिनवर बाद झालेले, कोपऱ्यातल्या पेटीत. उरलेले १३ सापडले नाहीत. त्यांची २.८ किलोच्या कास्टिंगच्या भावानं ३,४५८ रुपयांची डेबिट नोट, म्हणजे आमच्या पैशातून कापण्याची चिठ्ठी, आली. पैशापेक्षा त्या नऊ संध्याकाळी जास्त लागल्या. आपलं काम चोख असूनही आपल्याला ते सिद्ध करता येत नाही, ही भावना फार वाईट असते.

६ जानेवारीपासून तीन आठवडे काहीही विकत घेतलं नाही. फक्त लिहिलं. गेल्या दोन वर्षांच्या वह्यांतून पार्टची नावं उतरवली, तर १७१ नावं निघाली. ड्रॉइंग घेऊन एकेक नाव तपासलं तेव्हा प्रत्यक्षात पार्ट होते ६३. 'बेअरिंग कॅप', 'बीसी कॅप', 'कॅप मोठी', 'कॅप कागलवाली' हे सगळं एकच. सॉफ्टवेअर विकणारा माणूस हे काम तुमच्यासाठी करत नाही, त्याला करताही येत नाही. हे न करता मशिनरीइतकं महाग सॉफ्टवेअर घेतलं असतं तर त्यातही १७१ नावंच गेली असती.

कोड असा ठरवला: पार्टीची दोन अक्षरं, ड्रॉइंग नंबरचे शेवटचे चार आकडे, ड्रॉइंगचं रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) आणि ऑपरेशन. रिव्हिजन कोडमध्ये घ्यायलाच हवं. बोअरचा (भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी तफावत, बदलून नवीन ड्रॉइंग आलं आणि जुन्या-नव्या रिव्हिजनचे नग एका बिनमध्ये (पेटीत) मिसळले, तर नंतर ते वेगळे करायला प्रत्येक नग गेजवर घ्यावा लागतो. ऑपरेशन वेगळं ठेवायचं कारण दर. फक्त फेसिंग-बोअरिंग केलेला नग आणि ड्रिल-टॅपसह पूर्ण झालेला नग यांची मजुरी वेगळी असते.

प्रत्येक कोडसमोर चार गोष्टी लिहिल्या: कच्च्या कास्टिंगचं वजन, तयार नगाचं वजन, नगाला मजुरी आणि बोरिंग कोणाची. बोरिंग म्हणजे कास्ट आयर्नचा चुरा. २.८ किलोच्या कॅपमधून ०.५ किलो चुरा निघतो. हजार नगांमागे अर्धा टन. हा चुरा पार्टीला परत द्यायचा की आपण विकायचा, हे तोंडी ठरलेलं असतं आणि वाद तिथेच होतो. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कर नोंदणीकृत असेल तर तो हा स्क्रॅप आपल्याकडूनच कर भरून विकू शकतो. पण आधी पार्टीकडून लेखी घ्या. आम्ही साध्या ईमेलवर एक ओळ मागून घेतली. नऊपैकी सात पार्ट्यांनी आठवड्यात दिली, दोघांनी महिना लावला.

याच काळात उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला, तपासून घेतलं. नोंदणी मोफत आहे आणि ती फक्त सरकारी पोर्टलवर, आधार आणि पॅनवर होते. शोधताना वर दिसणाऱ्या खासगी साइट दीड-दोन हजार मागतात, तिथे जायचं कारण नाही. प्रमाणपत्रावर आमचं काम 'ट्रेडिंग' असं कधीतरी चुकून नोंदवलेलं होतं, ते बदलून उत्पादन-सेवेचा योग्य एनआयसी (उद्योगाचा प्रकार दाखवणारा) कोड घातला. हे किरकोळ वाटतं, पण नाही. उशिरा येणाऱ्या पैशाविरुद्धचं कायद्याचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे, व्यापाऱ्याला नाही. दुरुस्ती ऑनलाइन झाली, खर्च शून्य.

फेब्रुवारीत साधनं निवडली. मोठं ईआरपी, म्हणजे सगळा कारखाना एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, पाहिलं. त्यात सगळं होतं, पण वर्षाची फी आणि बसवण्याचा खर्च मिळून आकडा लाखाच्या वर जात होता, आणि ते चालवायला पूर्ण वेळ एक माणूस लागला असता. शेवटी हिशेब आणि बिलासाठी टॅलीप्राइम सिल्व्हर घेतलं, २२,५०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे २६,५५० रुपयांना. शॉप फ्लोअरच्या नोंदींसाठी गूगल शीट आणि गूगल फॉर्म, मोफत.

टॅलीत जॉबवर्कची सोय आहे, हे अनेकांना माहीत नसतं. एफ-११ या सेटिंगमध्ये जॉब ऑर्डर प्रोसेसिंग सुरू केलं की जॉब वर्क इन ऑर्डर, मटेरियल इन आणि मटेरियल आऊट ही व्हाउचर (नोंदीचे नमुने) मिळतात. पार्टीचा माल त्यांच्याच नावावर राहतो, आपल्या स्टॉकच्या किमतीत मिसळत नाही. ज्यांच्याकडे केबिनमध्ये दिवसभर बसणारा माणूस आहे त्यांनी सगळं टॅलीतच करावं. आमच्याकडे तसा माणूस नाही. रात्रपाळीला कास्टिंग उतरतं, तेव्हा केबिन बंद असते. नोंद मशिनजवळ, मोबाइलवर, तेलकट हातानं व्हायला हवी होती. म्हणून नगांचा हिशेब शीटमध्ये आणि रुपयांचा टॅलीत, अशी सीमा आखली. कोणताही आकडा दोन ठिकाणी भरायचा नाही, हा नियम तेव्हाच केला.

शीटची रचना चार पानांची आहे: पार्ट, आवक, जावक, शिल्लक. आवकमध्ये पार्टीचा चलन नंबर जसाच्या तसा घेतला तर गोंधळ होतो, कारण १ एप्रिलला बहुतेकांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून पार्टी, आर्थिक वर्ष आणि चलन नंबर असे तीन तुकडे जोडून एक लॉट नंबर केला. जावकच्या प्रत्येक ओळीत हा लॉट नंबर सक्तीचा. जावक चार रकान्यांत विभागलं: चांगले नग, कास्टिंग दोषाचे नग, मशिन रिजेक्शन आणि अर्धवट परत. ब्लोहोल, हार्ड स्पॉट (कठीण डाग), कोअर (पोकळीसाठीचा साचा) सरकलेला, हे फाउंड्रीचं नुकसान. तिथे आम्ही केलेल्या ऑपरेशनपर्यंतची मजुरी मागता येते. साइज गेला, टॅप मोडला, हे आमचं नुकसान. तिथे कास्टिंगचे पैसे द्यावे लागतात. हे दोन्ही 'बाद' या एकाच रकान्यात टाकणं म्हणजे स्वतःची मजुरी सोडून देणं.

शिल्लक पानावर सम-इफ्स (अटीनुसार बेरीज करणारं) हे एकच सूत्र आहे: लॉटची आवक वजा चारही जावक. शेजारी आवकेच्या तारखेपासून किती दिवस झाले तो आकडा. ३०० च्या वर गेला की ओळ लाल. कायद्यानं जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत जायला हवा. नाही गेला तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो पार्टीनं आम्हाला विकला असं धरलं जातं आणि कर-व्याजाचा भार पार्टीवर येतो. साहजिकच पार्टी आधीच तगादा लावते. जुने ३० नग कोपऱ्यात राहतात आणि नवीन लॉट आधी निघून जातो, हे सगळ्यांकडेच होतं. लाल ओळ दिसली की तो लॉट आधी मशिनवर चढवायचा.

शीट बनवताना दोन गोष्टी लगेच करून टाका. फाइलच्या सेटिंगमध्ये लोकेल (देश) भारत निवडा, नाहीतर ०४/०५ ही तारीख ५ एप्रिल धरली जाते. आणि नगांच्या रकान्याला 'फक्त पूर्ण संख्या' अशी अट लावा. आमच्याकडे दोघांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड होता. त्यांनी भरलेला ४८ हा आकडा दिसायला आकडा होता, पण शीटनं तो अक्षर म्हणून घेतला आणि बेरजेत धरलाच नाही. पहिल्या आठवड्यात शिल्लक का जुळत नाही हे शोधण्यात चार तास गेले. हातानं लिहिलेल्या कार्डावर तर मराठी १ आणि इंग्रजी ९ यांची अदलाबदल नेहमीची. कार्डावर आणि फॉर्मवर इंग्रजी आकडेच, बाकी मजकूर मराठीत, असं ठरवून टाकलं.

मार्चमध्ये यंत्रं घेतली. कॉम्प्युटर मशिनपासून लांब, काचेच्या बंद केबिनमध्ये ठेवला. कास्ट आयर्नची बारीक धूळ वीज वाहून नेते. पंख्यातून ती मदरबोर्डवर बसली की शॉर्ट होतो, वॉरंटी असो वा नसो. दर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, कॅबिनेटचा फिल्टर ब्लोअरनं साफ करायचा आणि तोही केबिनबाहेर नेऊन. ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, ३,२०० रुपये. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करून बंद करायला दहा मिनिटं पुरतात. मोठी मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली जातं, त्यापासूनही बचाव होतो. नूतनीकरण केलेला डेस्कटॉप २४,००० आणि साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर १४,०००.

एक खर्च वाया गेला: ११,५०० रुपयांचा लेबल प्रिंटर. तो डायरेक्ट थर्मल होता, म्हणजे उष्णतेनं कागदच काळा होतो, रिबन नसते. दुकानातल्या कपड्यांना ठीक. आमच्याकडे कूलंट आणि तेल लागून चार दिवसांत अक्षरं उडाली. रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर आणि प्लॅस्टिकचं लेबल टिकलं असतं. पण तोवर सोपा उपाय सापडला होता. जाड पिवळ्या कार्डावर लेझर प्रिंट, कार्ड पारदर्शक पाकिटात, पाकीट तारेनं बिनला. एका कार्डाला पाकिटासकट तीन-साडेतीन रुपये. पाकीट पुन्हा वापरता येतं.

त्या कार्डावरचा क्यूआर हा या सगळ्यातला सर्वात उपयोगी भाग. फॉर्ममध्ये ६३ कोडांची यादी उघडून बोटानं खाली सरकवत बसणं मशिनजवळ जमत नाही. गूगल फॉर्मच्या तीन टिंबांच्या मेनूत आधीच माहिती भरलेली (प्री-फिल्ड) लिंक काढायचा पर्याय आहे. त्यात पार्ट आणि लॉटच्या जागी काहीतरी खूण भरायची, लिंक घ्यायची, आणि शीटमध्ये सूत्रानं त्या खुणेच्या जागी खरा कोड आणि लॉट नंबर घालायचा. प्रत्येक लॉटची स्वतःची लिंक तयार होते. तिचा क्यूआर कार्डावर छापला की कॅमेरा धरल्यावर फॉर्म भरलेलाच उघडतो. माणसानं फक्त नग आणि स्वतःचं नाव भरायचं. लॉट नंबर टाइप करण्यात होणाऱ्या चुका यानं जवळपास थांबल्या.

३० मार्चला गुढीपाडवा होता, रविवार. ३१ ला सोमवारची सुट्टी. या दोन दिवसांत मशिन बंद ठेवून शॉपमधला प्रत्येक नग मोजला. पाडव्याची पूजा झाल्यावर सुरुवात केली. मोजण्याची पद्धत: दोघांनी एकच बिन वेगवेगळं मोजायचं, आकडे एकमेकांना न सांगता कार्डावर लिहायचे, जुळले तरच बिनवर खडूची खूण. लहान नग वजनावर मोजताना आधी ५० नग हातानं मोजून त्यांचं सरासरी वजन काढायचं, कारण कास्टिंगचं वजन नगानगाला थोडं बदलतं. ४१ लॉट होते. २९ जुळले, १२ मध्ये फरक निघाला. तो फरक लपवून सुरुवात करू नका. आम्ही नऊही पार्ट्यांना मोजलेली शिल्लक कळवली आणि सही-शिक्का मागितला. सहा जणांकडून दहा दिवसांत आला. शेवटचा यायला तीन आठवडे लागले, दोन वेळा समक्ष जावं लागलं. तो कागद नसता तर जुनी भांडणं नवीन हिशेबात आली असती.

टॅलीतही सुरुवातीची येणी एकगठ्ठा भरू नका. प्रत्येक पार्टीच्या खात्यात बिल-बाय-बिल चालू करा आणि एकेक जुनं बिल त्याच्या तारखेसह भरा. ८७ बिलं भरायला दीड दिवस गेला, पण त्यामुळेच पुढे कोणतं बिल किती दिवस थकलं ते दिसलं. बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा चालतो, चलनाचाही. तीन अक्षरं, तिरकी रेघ, '२०२५-२६' चे सात, पुन्हा तिरकी रेघ आणि चार आकडे, बरोबर १६ होतात. त्यात आणखी काही घुसवायला जागा नाही, हे आधीच मोजून ठेवा. चलनाच्या तीन प्रती लागतात: माल घेणाऱ्याची, वाहनाची आणि आपली. लेझरवर तिन्ही छापल्या, वर कोणाची प्रत ते मोठ्या अक्षरांत. फाउंड्रीच्या गेटवरचा शिक्का आपल्या प्रतीवर आलाच पाहिजे, गाडीवाल्याला हे पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा. बेळगावकडून जॉबवर्कला माल येत असेल तर राज्याची हद्द ओलांडत असल्यानं किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतं. ते पाठवणाऱ्यानं काढलं आहे का, हे गाडी निघण्याआधी विचारा.

१ एप्रिलपासून वही आणि शीट दोन्ही चालू ठेवलं. हे तीन महिने सगळ्यात जड गेले. दुप्पट काम, आणि सुरुवातीला रोज संध्याकाळी फरक. आमचे सर्वात जुने ऑपरेटर आप्पा तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वहीत चुकलं तर खोडलेलं दिसतंय. ह्यात कुणी बदललं तर कळायचं कसं?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्यानंतर नियम केला: शीटमधली ओळ कुणीही बदलायची किंवा पुसायची नाही. चूक झाली तर उलट नोंदीची नवीन ओळ टाकायची, शेजारी कारण आणि नाव. आवक-जावकची पानं संरक्षित केली, फॉर्मशिवाय त्यात काही जातच नाही. आप्पांनी स्वतः पहिली उलट नोंद टाकली, त्यानंतर बाकीच्यांची भीती गेली.

दुसरी अडचण दुहेरी नोंदींची. नेट मंद असलं की फॉर्म पाठवला गेला की नाही ते कळत नाही, माणूस पुन्हा पाठवतो. शीटमध्ये एक रकाना जोडला: तोच लॉट, तेच नाव, तेच नग दहा मिनिटांच्या आत दोनदा आले तर पिवळी खूण. रोज साडेसहाला पंधरा मिनिटं दोघांनी बसून पिवळ्या ओळी बघायच्या. ही पंधरा मिनिटं चुकवली की दुसऱ्या दिवशी तास जातो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सलग सहा दिवस वही आणि शीट जुळली. ३० जूनला वही बंद केली.

बॅकअपबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. टॅलीचा डेटा रोज बंद करताना दोन पेन ड्राइव्हवर, सम तारखेला एक आणि विषम तारखेला दुसरा. दर शनिवारी गूगल ड्राइव्हवर, मोफत १५ जीबी आम्हाला भरपूर आहे. एक पेन ड्राइव्ह रोज घरी जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीत पाणी शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटातले कागद आणि कॉम्प्युटर एकत्रच गेले. एकाच इमारतीतल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. आणि महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मे महिन्यात उघडला तेव्हा कळलं की एक पेन ड्राइव्ह पंधरा दिवस रिकामाच फिरत होता.

जुलैपासून पैशाकडे वळलो. आमची उलाढाल पाच कोटींच्या आत, त्यामुळे जीएसटीचं विवरणपत्र तिमाही भरतो. पण पार्टीच्या खरेदी विभागाची तक्रार असायची की तुमचा कर आम्हाला टू-बी मध्ये (पोर्टलवरच्या खरेदीच्या कराच्या यादीत) दिसत नाही, म्हणून बिल अडकलं. त्यावर उपाय म्हणजे आयएफएफ ही जीएसटीची सोय: तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवर टाकता येतात. टॅलीतून फाइल काढून टाकायला वीस मिनिटं लागतात. एकल मालकीच्या धंद्याला डिजिटल सिग्नेचर लागत नाही, ओटीपीवर भरता येतं.

बिलावर आता उद्यम नंबर, 'सूक्ष्म उद्योग' हे शब्द आणि पैसे देण्याची शेवटची तारीख छापतो. लेखी करार नसेल तर १५ दिवस, करार असला तरी जास्तीत जास्त ४५. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागू होतं. त्याहून परिणामकारक आहे आयकराची एक तरतूद, १९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच). २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम पार्टीला पैसे देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. व्याजाची भाषा केली तर संबंध बिघडतात. पण ४० व्या दिवशी नम्रपणे बिलांची यादी आणि उद्यम प्रमाणपत्र पाठवलं, की त्यांचे हिशेबनीसच पुढे सरकवतात. यादी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पाठवताना फोटोचा दर्जा कमी होऊन आकडे वाचता येत नाहीत. मार्चअखेर आमची ९० दिवसांवरची येणी सहा पार्ट्यांकडे होती, सप्टेंबरअखेर दोघांकडे.

मग २२ सप्टेंबर आला, घटस्थापनेचा दिवस. आमच्या प्रकारच्या जॉबवर्कवरचा जीएसटी त्या दिवसापासून १२ वरून १८ टक्के झाला. काम आधी झालं, पण बिल आणि पैसे दोन्ही नंतर, तर नवीन दर. काम आणि बिल दोन्ही आधीचं, तर पैसे नंतर आले तरी जुना दर. त्यामुळे २१ तारखेपर्यंत गेलेल्या मालाची सगळी बिलं त्याच रविवारी काढायची होती. पूर्वी बिलं महिन्याच्या शेवटी वह्या चाळून व्हायची. या वेळी जावक पानावर 'बिल झालं नाही' अशी चाळणी लावली. ३४ ओळी निघाल्या, दुपारी साडेचारपर्यंत सगळी बिलं तयार. मग टॅलीत सेवेच्या मास्टरमध्ये २२ तारखेपासून नवीन दर घातला. जुना दर पुसून नवीन टाकू नका, तारखेसह नवीन ओळ जोडा, नाहीतर जुनं बिल उघडून सेव्ह केलं तर त्यावरही १८ टक्के लागतो.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी झाली. मशिनांबरोबर केबिनमधल्या कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातली, आणि कार्डांच्या गठ्ठ्यावर हळदकुंकू वाहिलं. आप्पांनी वाहिलं.

त्याच महिन्यात परीक्षा होती. पाच कोटींवरच्या पार्ट्यांना एप्रिल ते सप्टेंबरचं आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं विवरण, २५ ऑक्टोबरपर्यंत द्यायचं असतं, त्यासाठी या पार्ट्या जॉबवर्करकडून चलनवार हिशेब मागतात. डिसेंबरमध्ये जिथे नऊ संध्याकाळी गेल्या होत्या त्याच पार्टीचा फोन ९ तारखेला सकाळी आला. दुपारी तीनपर्यंत सहा महिन्यांची २,८६० नगांची चलनवार यादी पाठवली. फरक तीन नगांचा. या वेळी तो शोधायला अर्धा तास लागला: तिन्ही नग सीएनसीच्या मागच्या फळीवर होते, लॉटच्या सुरुवातीला ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) लावताना वापरलेले सेटिंग पीस. ते चांगल्यातही नव्हते आणि बादमध्येही. ते तिन्ही नग चलन करून परत पाठवले, आणि फॉर्ममध्ये पाचवा रकाना जोडला: सेटिंग.